आडनाव : उगम आणि गणती

(द्वितीय वर्ष, कला)

आडनाव आपण रोज लिहितो, पण क्वचितच तपासून पाहतो. प्रवेश-अर्जावर, रेशनकार्डावर, रेल्वेच्या पासावर ते असतेच. परंतु ते आपल्या घराण्यास केव्हा मिळाले, कशावरून मिळाले आणि आपल्याखेरीज आणखी किती माणसे ते लावतात, असे कोणी विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा थोडक्यात विचार करावयाचा आहे. उदाहरणे शक्यतो महाराष्ट्रातील व आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यातील घेतली आहेत. तुलनेसाठी नेदरलँड्स, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशाचा दाखला घेतला आहे. कारण तेथे आडनावांची रीतसर मोजदाद झालेली आहे.

आडनावे कशी पडतात?

जगातील बहुतेक आडनावे चार मार्गांनी आलेली दिसतात : गावावरून, पूर्वजाच्या नावावरून, धंद्यावरून किंवा हुद्द्यावरून, आणि अंगच्या गुणावरून किंवा व्यंगावरून. मराठीत चिपळूणकर हे गावावरून, सुतार किंवा सोनार हे धंद्यावरून, कुलकर्णी, देशमुख, पाटील ही हुद्द्यांवरून आलेली आडनावे आहेत. डच लोकांतही हेच चार मार्ग आहेत. ‘फान डाइक’ म्हणजे बांधाजवळचा, ‘यान्सेन’ म्हणजे यानचा मुलगा, ‘बाकर’ म्हणजे भटारी, ‘फिसर’ म्हणजे मासेमार आणि ‘दे योंग’ म्हणजे धाकटा. समुद्र आणि धर्म वेगळे असले तरी माणसाला हाक मारण्याच्या युक्त्या फारशा वेगळ्या नाहीत.

मात्र सर्व आडनावांची साक्ष सारख्या मोलाची नसते. पाटील हे आडनाव आगरी, मराठा, कोळी, लिंगायत अशा अनेक समाजांत आहे. जेथे गाव तेथे पाटील, असा पूर्वीचा कारभार होता. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रातील मुलकी पाटलांचे वतनी पद रद्द झाले, आडनाव मात्र राहिले. त्यामुळे एखादा गृहस्थ पाटील आहे एवढ्यावरून त्याचे मूळ कोठले हे सांगता येत नाही. याउलट जे आडनाव फार थोडी घरे लावतात, त्याचा उगम बहुधा एका गावात किंवा एकाच घराण्यात सापडण्याचा संभव असतो. म्हणून अभ्यासाच्या दृष्टीने विरळ आडनाव अधिक बोलके होय.

‘कर’ या प्रत्ययाचे मर्म

गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून आडनाव करण्याची पद्धत कोकण, गोवा व देश या भागांत सर्वत्र आहे. वरवर पाहता ‘पेणकर’ म्हणजे पेण येथे राहणारा. पण थोडा विचार केल्यास असे दिसेल की, पेणमध्येच राहणाऱ्या माणसाला पेणकर म्हणून ओळखण्यात काहीच अर्थ नाही. तेथे सगळेच पेणकर. तो माणूस पनवेलला किंवा मुंबईला गेला म्हणजे तेथील लोक त्याला पेणकर म्हणू लागतात. तात्पर्य, ‘कर’ हे राहत्या गावापेक्षा सुटलेल्या गावाचे चिन्ह आहे. आडनाव गाव सांगते आणि त्याच वेळी स्थलांतरही सांगते. हॉलंडमध्ये ‘दे फ्रीस’ म्हणजे फ्रीसलँडचा माणूस, हे अतिशय रूढ आडनाव आहे. फ्रीसलँडच्या बाहेर गेल्यावरच अशा ओळखीची गरज पडणार, हे उघड आहे.

ही चाल नवी नाही. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हे मंदिर ज्या शिलाहार राजांच्या काळातील, ते उत्तर कोकणावर राज्य करीत; परंतु आपल्या लेखांतून ते स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. राज्य समुद्राकाठी आणि बिरुद मात्र शेकडो किलोमीटर दूरच्या मूळ नगराचे! गाव सोडून कारखान्यात कामाला आलेला मनुष्य जे आडनावाने करतो, तेच राजांनी बिरुदाने केले.

विरळ आडनावाचे एक ठळक उदाहरण

आडनावाचा उगम कागदोपत्री दाखवता येईल अशी उदाहरणे थोडी आहेत. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे ‘आंबेडकर’. डॉ. बाबासाहेबांच्या कुळाचे आडनाव सकपाळ आणि मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. गावावरून आंबडवेकर, आणि त्याचेच पुढे आंबेडकर झाले. हा बदल आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांमुळे झाला, असे चरित्रकार सांगतात. सातारच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. राज्य शासनाने २०१७ पासून हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळण्याचे ठरविले.

या उदाहरणावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, केवळ आडनावाच्या रूपावरून उगम ठरविणारा मनुष्य ‘आंबेड’ नावाचे गाव नकाशावर शोधत बसेल आणि चुकेल. खरे गाव आंबडवे आहे. कागद पाहिल्याखेरीज निर्णय करू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या घरांत वंशावळ नाही, सनद नाही, जमिनीचा कागद नाही, त्यांचे आडनाव पहिल्यांदा लिहिले जाते ते शाळेच्या रजिस्टरात. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. आमच्याकडे जुना कागद म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, एवढाच. अशी घरे या महाविद्यालयात पुष्कळ असतील.

दुसरे उदाहरण बेने इस्राएल समाजाचे. हे मराठी बोलणारे ज्यू लोक आजच्या रायगड जिल्ह्यातील खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेलाचा धंदा करून शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची आडनावे केहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, झिराडकर अशी आहेत. आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या आडनावात अलिबागजवळचे किहीम गाव आहे. १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाल्यानंतर या समाजातील बहुसंख्य लोक तिकडे गेले आणि कोकणातील खेड्यांची नावे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर पोहोचली.

गाव सांगणारे आणि पूर्वज सांगणारे

आता आपल्या शहराकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत ठेवण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. आजही आपण पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर’ सांगतो, तो त्या छावणीचा अवशेष होय.

सिंधी आडनावांत ‘आनी’ हा शेवट फार आढळतो. त्याचा अर्थ अमक्याचे वंशज. हिरानंदचे वंशज ते हिरानंदानी. डच यान्सेनप्रमाणे हे पूर्वजाचे नाव सांगणारे आडनाव आहे. म्हणजे आपल्या वर्गात दोन तत्त्वे शेजारी बसलेली असतात. ‘कर’ हे गाव सांगते, पण पूर्वजाचे नाव सांगत नाही. ‘आनी’ हे पूर्वज सांगते, पण गाव सांगत नाही. तो पूर्वज सक्करचा, शिकारपूरचा, लारकान्याचा की हैदराबादचा, हे त्या आडनावावरून कळत नाही. घरातील आजी-आजोबांनाच विचारावे लागते. ज्यांनी १९४७ मध्ये जाणत्या वयात सिंध सोडले, त्यांतील आज हयात असलेले नव्वदीच्या आसपास किंवा पुढे आहेत. ज्याचे गाव नकाशावर आहे तो दहा वर्षांनी चौकशी करील तरी चालेल. या मित्रांच्या घरी मात्र ती आत्ताच झाली पाहिजे.

हॉलंडमधील गणती

नेपोलियनच्या अमलाखाली असताना १८ ऑगस्ट १८११ च्या हुकुमाने हॉलंडमध्ये ज्यांना आडनाव नव्हते त्यांना ते घेऊन नोंदविणे सक्तीचे झाले. लोकांनी परक्या सत्तेची थट्टा म्हणून हास्यास्पद आडनावे नोंदविली, अशी कथा तेथे प्रसिद्ध आहे, आणि ‘नग्न जन्मलेला’ अशा अर्थाचे नाक्तखेबोरेन हे आडनाव पुराव्यादाखल सांगतात. परंतु हे आडनाव १८११ पूर्वीही होते. पित्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला अशा अर्थाच्या जर्मन शब्दाचा तो अपभ्रंश असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, ही आख्यायिका आपण ऐकतोच. अशा कथा गोड असतात. त्यांना पुरावा मानू नये, इतकेच.

तेथे १९४७ च्या जनगणनेवरून आडनावांची गणना करण्यात आली व पुढे २००७ च्या लोकसंख्या-नोंदींवरून पुन्हा झाली. २००७ मध्ये तीन लाखांहून अधिक वेगवेगळी आडनावे आढळली. दे योंग लावणारे सुमारे ८४ हजार होते. तर असंख्य आडनावे मूठभर माणसांचीच होती. कोणत्या गावात कोणते आडनाव किती, हेही पाहता येते. पुष्कळदा विरळ आडनाव एकाच भागात दाटलेले दिसते आणि तेथेच उगम शोधावा हे कळते. दोन गणत्यांची तुलना केली की ते वाढते आहे की विझत चालले आहे, हेही समजते. पाचांपेक्षा कमी माणसे असतील तेथे नेमका आकडा देत नाहीत. कारण आकड्यावरून माणूस ओळखू येऊ नये. ही दक्षता घेण्यासारखी आहे.

आपल्याकडील स्थिती

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. वय, शिक्षण, भाषा, व्यवसाय यांची कोष्टके जनगणनेतून प्रसिद्ध होतात; आडनावांचे कोष्टक होत नाही. उलट आडनावाने गणतीत घोटाळाच झाला. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या होत्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणीत ४६ लाखांहून अधिक वेगवेगळी नावे आली. जात विचारली असता लोकांनी पोटजात, गोत्र, कुळ आणि आडनावही सांगितले होते.

पण आडनाव ही केवळ हौसेची बाब नाही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, इतर मागास वर्गांकडे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या दाखल्यावर कुळाचे आडनाव, वडिलांच्या दाखल्यावर गावाचे, असे झाले की नातू शिष्यवृत्तीसाठी खेटे घालतो. आडनाव का बदलले याची हकिगत लिहून ठेवलेली असेल तर त्याला निदान सांगता तरी येते.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते. ती कधी न पाहिलेल्या गावाची ‘कर’ होते. तिच्या माहेरचे आडनाव पुढच्या पिढीच्या कागदावर उरत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लिहिणे महाराष्ट्रात आवश्यक झाले, ही इष्ट गोष्ट आहे. पण आईचे माहेर त्यातही येत नाही.

काय करता येईल?

मतदारयाद्या सर्वांना पाहता येतात. आपापल्या प्रभागाची यादी घेऊन आडनावे मोजणे हे विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. ते करताना तीन पथ्ये पाळावीत. एक, एकाच आडनावाची निरनिराळी लेखनरूपे एकत्र मांडावीत. दोन, एकाच नावाची अनेक गावे असतात हे विसरू नये : कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही, कल्याण आपले आहे, तसे बिदरकडचे बसवकल्याणही आहे. म्हणून प्रत्येक कर्जतकर किंवा कल्याणकर आपल्याच शेजारचा असे समजू नये. तीन, आकडे प्रसिद्ध करावेत, माणसांची नावे नव्हेत.

याद्या आपल्याला ‘किती’ ते सांगतील. ‘कोठून’ आणि ‘का’ हे घरातील वृद्धच सांगतील. म्हणून प्रत्येकाने एका वहीत पाच गोष्टी लिहाव्यात : आपले आडनाव, त्याआधीचे आडनाव असल्यास ते, मूळ गाव व तालुका, गाव सोडल्याचे वर्ष, आणि आई व आजी यांच्या माहेरची आडनावे. एवढी पाच उत्तरे आपल्या महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने आणली, तर या तीन शहरांत माणसे कोठकोठून आली याची एक विश्वसनीय नोंद तयार होईल. आमच्या वहीत आजीचे माहेर लिहून झाले आहे. ते गाव रायगडातील की रत्नागिरीतील, एवढे तिला पुन्हा एकदा विचारायचे आहे.