गिऱ्हाइकाचा फोन

मालाड (पूर्व)

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात तू रुळलास हे ताईने सांगितलं. बरं वाटलं. पण गिऱ्हाइकाने मागितलं की तू जीबी व्हॉट्सॲप नावाचं अनधिकृत व्हॉट्सॲप, फुकट क्रिकेट दाखवणारी ॲप्स टाकून देतोस, आणि अडचण आली तर ॲप्स तपासणारं 'प्ले प्रोटेक्ट' बंद करतोस, हेही तिच्याच बोलण्यात आलं. म्हणून लिहितोय.

प्ले स्टोअरबाहेरून ॲप घेण्यात पाप नाही. सगळ्यांना एकाच दारातून जावं लागलं की दारवान शिरजोर होतो. याच शिरजोरीपायी ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने गुगलला आठवड्याभरात दोनदा दंड ठोठावला, १,३३७ कोटी ७६ लाख आणि ९३६ कोटी ४४ लाख रुपये. दुसरा पुढे अपिलात २१६ कोटींवर आला, ते सोड. मार्च २०२४ मध्ये गुगलच्या शुल्काच्या भांडणात नोकरी, शादी अशी नावाजलेली ॲप्स स्टोअरवरून उतरवली गेली आणि ओरड झाल्यावर परत आली. त्याच्या आदल्याच महिन्यात फोनपेने इंडस ॲपस्टोअर सुरू केलं, तेही मराठीत. असे पर्याय हवेतच. शिवाय प्ले स्टोअर तरी कुठे सोवळं? सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गुगलने तिथून २,२०० हून जास्त फसवी कर्ज-ॲप्स काढल्याचं आपल्या संभाजीनगरच्या भागवत कराडांनीच, मंत्री असताना, राज्यसभेत सांगितलं होतं.

पण दुसरं स्टोअर वेगळं आणि व्हॉट्सॲपवर आलेली ॲपची बेवारस फाइल, म्हणजे एपीके, वेगळी. 'आरटीओ चलान', 'लग्नपत्रिका', 'गॅसबिल थकलं' अशा नावांनी त्या येतात. रिक्षावाला चलानाच्या धास्तीने उघडतो. ॲप एसएमएस वाचायची परवानगी घेतं की ओटीपी चोराच्या हाती. 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मिळाली तर अख्खा स्क्रीनच त्याचा.

आता तुझा संबंध ऐक. अँड्रॉइड ८ पासून 'अज्ञात ॲप इन्स्टॉल' ही परवानगी ज्या ॲपमधून फाइल उघडतोस त्याला वेगळी द्यावी लागते, आणि एकदा दिली की ती तशीच राहते. आज तू क्रिकेटसाठी व्हॉट्सॲपला ती देतोस. महिन्याने त्याच व्हॉट्सॲपवर खोटं चलान येतं, तेव्हा त्या माणसाला थांबवणारी एक पाटी तू आधीच काढून ठेवलेली असते. त्याला हे ठाऊकही नसतं.

तुझ्या फोनवर हवे ते प्रयोग कर. शक्यतो बँकेचं ॲप नसलेल्या जुन्या फोनवर. गिऱ्हाइकाच्या फोनवर मात्र प्ले प्रोटेक्टला हात लावू नकोस, दिलेली परवानगी त्याच्यासमोर काढ आणि का काढलीस ते सांग. मालक कुरकुरला तर कुरकुरू दे. जीबी व्हॉट्सॲपला सरळ नाही म्हण, त्यापायी खातं बंद पडतं आणि शिव्या तुलाच बसतात.

कुणी फसून आलाच, तर आधी त्याच्या फोनचं नेट बंद कर आणि दुकानाच्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लाव. तक्रार जितकी लवकर, तितके पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

तुझा,
मामा