न्हाव्याच्या दुकानातला अर्धा तास

चि. ऋतास,


वाहिनीवाल्यांनी बोलावलं हे वाचून आनंद झाला. पण तुझा पाऊण तासाचा अख्खा विनोदी कार्यक्रम त्यांना हवाय म्हणतेस, तो सगळा देऊ नकोस. टीव्हीवर लागला की दुसऱ्या दिवशी मोबाइलवर गावभर फिरणार. मग तेच ऐकायला तिकीट कोण काढणार?

दादा कोंडक्यांचं बघ. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आलं. कोतवालाची जागा रिकामी झालीय, हवालदाराचा तिच्यावर डोळा, वग एवढाच. प्रयोग मात्र हजारावर झाले. आज दादा सरकारची कशी काढतोय, हे बघायला तीच माणसं पुन्हा पुन्हा यायची. त्यातूनच आशा भोसल्यांनी भालजी पेंढारकरांना दादांचं नाव सुचवलं, १९६९ला 'तांबडी माती' मिळाला आणि १९७१ला 'सोंगाड्या', तोही स्वतः निर्माता होऊन.

आम्ही कुठले दादा! पण तमाशात असताना एक सवय मलाही होती. एसटीतून उतरलो की आधी गावात काय चाललंय ते ऐकायला न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसायचं, दाढी वाढलेली नसली तरी. रात्री वगातला राजा विचारायचा, "राज्यात रस्ते कसे आहेत?" मी म्हणायचो, "उत्तम महाराज, कागदावर एकसुद्धा खड्डा नाही." मंडप हलायचा. पुढच्या गावात रस्ता नुकताच झालेला होता, तिथे हेच वाक्य सपशेल पडलं. त्या दिवशी मी न्हाव्याकडे गेलो नव्हतो.

न्हावी सगळंच सांगतो, ही त्यातली गोम. एकदा कुणाची तरी बायको पळून गेल्याचं कळलं, मी ते बतावणीत घातलं. हशा दणदणीत! तो माणूस स्टेजच्या कडेला आमच्याच पेट्रोमॅक्सला हवा भरत होता. त्यानं हात थांबवला नाही, म्हणून उजेड राहिला. राजाची टर उडवायला मला मुभा होती, त्याची नव्हती.

कराराचं सांगायचं राहिलं. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं काही दिसलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. दहा मिनिटं द्यायची ती दे, बाकीचं घेऊन छोट्या गावांत फिर.

आणि तुझा तो विरार लोकलच्या चौथ्या सीटचा विनोद तुझ्या मामीला कळला, मला अजून नाही. दिवाळीला आलीस की करून दाखव.

तुझा,
मामा