नावापलीकडची संख्या

बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट सर्वपरिचित आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरली की एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. साहित्याचा अध्यापक असूनही मी या संख्येकडे वळतो, कारण मोठ्या संख्येपुढे भाषा काय करू शकते, हा प्रश्न आपलाही आहे.

पहिली वाट नावांची. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या वीस अंकी, म्हणजे या यादीच्याही दोन स्थाने पुढची. ‘एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधी...’ असे ती वाचता येईल. पण त्यातून कळतो तो केवळ आकार, स्वभाव नव्हे.

स्वभाव कळतो विधानांतून. पटाशेजारी एक जादा दाणा ठेवा. तो पहिल्या घरातील दाण्याला मिळाला की दोन होतात. ते दुसऱ्या घरातील दोहोंना मिळाले की चार. असे करीत शेवटी २ चा ६४ वा घात मिळतो. म्हणून आपली संख्या त्याहून एकाने कमी. दोनाच्या घातांचे एकक अंक २, ४, ८, ६ या क्रमाने फिरतात आणि ६४ ला ४ ने पूर्ण भाग जातो. म्हणून त्या घाताचा शेवट ६ ने आणि आपल्या संख्येचा ५ ने होतो.

आता अवयव. २ चा ६४ वा घात हा ३२ व्या घाताचा वर्ग आहे. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्यांच्या मुळांची बेरीज गुणिले वजाबाकी. ही एकच युक्ती पुन्हा पुन्हा वापरली की संख्या अशी उलगडते: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७. यांतील पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. या मालिकेतील पुढच्याही सर्व संख्या मूळच असणार, असे सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांना वाटले होते. परंतु सहावी संख्या ६४१ × ६७,००,४१७ एवढी आहे, हे ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखविले. पाच उदाहरणे जुळली तरी नियम सिद्ध होत नाही, हा धडा येथे मिळतो.

या विवेचनात सर्वाधिक काम कोणत्या शब्दांनी केले? परार्धाने नव्हे, ‘म्हणून’, ‘तर’, ‘परंतु’, ‘तरी’ या अव्ययांनी. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मुलांना मराठी बहुधा कविता, सण आणि घरगुती बोलण्यापुरती भेटते. तर्काची मराठी त्यांच्या कानी पडली नाही, तर ही भाषा विचारासाठी नाहीच, असे त्यांना वाटू लागेल. म्हणून माझी सूचना साधी आहे: निबंधाच्या तासाला वर्षातून एकदा तरी एखादी गणिती सिद्धता पूर्ण वाक्यांत, मराठीतून लिहून घ्यावी.