आधी पारख, मग प्रवास

दूरच्या जत्रेला निघायचे, तर आपण आधी बैलगाडी नीट पाहतो. आसाला वंगण घालतो. चाक निखळले, तर रात्र रानात काढावी लागते. आकाशात दुर्बीण पाठवणारेही असेच करतात.

१९९० साली अमेरिकेने हबल नावाची दुर्बीण आकाशात सोडली. तिच्यात सुमारे आठ फूट रुंद आरसा होता. पण चित्रे अंधुक आली! आरशाची कड जरा जास्त घासली गेली होती. किती? केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाइतकी. आरसा तपासायचे साधनच चुकीचे जोडले होते. दुसऱ्या तपासणीत चूक दिसली होती, पण ती कोणी मनावर घेतली नाही. हबल जमिनीपासून सुमारे ६०० किलोमीटरवर होती. म्हणून १९९३ साली माणसे तिथे गेली आणि तिला दुरुस्त करून आली.

पुढे अमेरिका, युरोप आणि कॅनडा यांनी मिळून वेब नावाची आणखी मोठी दुर्बीण बांधली. तिला जायचे होते १५ लाख किलोमीटर दूर. म्हणजे चंद्राच्याही चौपट लांब. तिथे दुरुस्तीला कोण जाणार? म्हणून सारी पारख जमिनीवरच करायची होती.

आकाशात हवा नाही आणि थंडी भयंकर. म्हणून २०१७ साली ह्यूस्टन शहरात दुर्बिणीचा आरशाचा भाग एका प्रचंड बंद खोलीत ठेवला. आतली हवा काढली. बर्फाहूनही २३० अंश जास्त थंडी केली. हे काम सुमारे १०० दिवस चालले. मधेच मोठे वादळ आले, शहरात पूर आला. तरी माणसे कामावरून हलली नाहीत.

अग्निबाण उडताना कानठळ्या बसतात, सारे हादरते. म्हणून दुर्बिणीलाही तसाच आवाज ऐकवला, हादरे दिले. उन्हापासून आडोसा म्हणून तिला ७० फूट लांबीचा, पाच पदरी पडदा आहे. २०१८ साली या चाचणीनंतर पडद्याच्या झाकणाचे काही स्क्रू आणि वायसर गळालेले दिसले. काम लांबले, खर्च वाढला. पण ते इथे गळाले, हे बरेच झाले, नाही का?

मग दुर्बिणीची घडी घातली. जहाजातून ती दक्षिण अमेरिकेत नेली. २५ डिसेंबर २०२१ रोजी अग्निबाण उडाला. पडदा उलगडला, आरसा उघडला. जुलै २०२२ मध्ये जगाने तिची स्वच्छ चित्रे पाहिली.

आम्हांला यात एक गोष्ट मोलाची वाटते. वेळेवर चूक दाखवणारा माणूस कामाचा वैरी नव्हे. तो कामाचा राखणदार असतो.

सांगा पाहू :
१. हबलची चित्रे अंधुक का आली?
२. वेबची सारी पारख जमिनीवरच का केली?