आकड्याआधी बाण

सोनू,

तुझं पत्र मिळालं. एकाच खाणीतल्या काळ्या पाषाणाचे दोन तुकडे, त्यातला एक निम्म्याच भाराला फुटला, म्हणून तू दाब देणाऱ्या मशीनवर संशय घेतलास. मशीनला बोल लावण्याआधी फुटलेल्या तुकड्यात पांढरी शीर होती का आणि ती कशी गेली होती, ते बघ. शीर भाराला काटकोनात असेल तर सहसा काही बिघडत नाही. भाराच्या दिशेशी तीसेक अंशांनी तिरपी असली की दगड तिच्यावरूनच घसरतो, आणि ताकद तिथे सगळ्यात कमी भरते. जेगर नावाच्या अभ्यासकाने १९६० साली हे गणितात बसवलं. पुस्तकांत उदाहरण बहुधा स्लेटचं असतं. स्लेट आपल्या खान्देशात नाही, म्हणून पोरं तो धडा सोडतात. तू सोडू नकोस.

आपला घट्ट बेसाल्ट हातातल्या तुकड्यापुरता सगळीकडून जवळपास सारखाच. दिशेचा खेळ आहे तो डोंगरात. लाव्ह्याचे थर आडवे, मध्येच तांबड्या मातीचा नरम पट्टा, आणि थर निवताना पडलेल्या उभ्या भेगा. साक्री-नंदुरबारकडच्या डाइकचं मात्र उलटं. साधारण पूर्व-पश्चिम धावणाऱ्या त्या दगडी भिंती तू एसटीतून कितीदा पाहिल्या असशील. लाव्हा ज्या अंगाने निवतो त्या अंगाला काटकोनात तडकतो. थर वरून-खालून निवला, म्हणून त्याचे खांब उभे. डाइक दोन्ही कुशींनी निवला, म्हणून त्याचे आडवे, सरपण रचून ठेवावं तसे. पाथरवट अशा ठिकाणी आधी भेग कुठे धावते ते बघतो, छिन्नी मग.

उद्या पुलाच्या नाहीतर धरणाच्या कामावर जाशील. उभा बोअर माराल, हातभर लांबीचे अखंड कोअर निघतील, आरक्यूडी, म्हणजे अखंड कोअरची टक्केवारी, नव्वदच्या वर जाईल, साहेब खूश. तू लगेच खूश होऊ नकोस. तो बोअर दोन उभ्या भेगांच्या मधून, एकाच खांबाच्या पोटातून खाली गेलेला असू शकतो. शेजारची भेग त्याला लागणारच नाही. एक तरी तिरपा बोअर माग. खर्चावरून कुरकुर होईल, होऊ दे.

आणि कोअर पेटीत ठेवण्याआधी वरचं टोक दाखवणारा बाण रंगव, खोली लिही, शिरेचा कोन लिही. बाण नसलेल्या तुकड्याचे मेगापास्कल मी तरी वहीत धरले नसते.

दिवाळीत आलीस की साक्रीला जाऊ. होकायंत्र तुझं आण, माझ्याची सुई अडकते.

तुझा
मामा