पियानोच करायचा म्हणतेस, तर

मने, बाबांची समजूत मी काढते. पण आधी तू माझं ऐकून घे, आणि मधे मधे 'पण ताई' करू नकोस.

तुझ्या डोळ्यांसमोर काय आहे ते मला ठाऊक आहे. काळाभोर ग्रँड पियानो, स्टेजवर तू एकटी, समोर अंधारात गच्च भरलेलं थिएटर. ते खोटं नाही गं, पण अशा संध्याकाळी वर्षातून येणार किती? मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. पण ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाल्यांच्या रांगा असतात, पियानोवाल्याला कायमची खुर्ची क्वचितच. कॉन्चेर्टो असला की एखादा नावाजलेला पाहुणा बोलावतात, तो वाजवतो आणि जातो. बाकीच्यांची चूल पेटते ती शिकवण्यांवर, परीक्षेला बसणाऱ्या पोरांना साथ करण्यावर, कधी एखाद्या रेकॉर्डिंगवर. ट्रिनिटीच्या किंवा एबीआरएसएमच्या आठ ग्रेड झाल्या म्हणजे गड सर झाला असं समजू नकोस, त्यानंतर डिप्लोमा आणि खरी शाळा.

'कोल्हापुरात कुणी असलं काही केलंय का?' हा बाबांचा प्रश्न येणारच. तेव्हा गोविंदराव टेंब्यांचं नाव घे. पेटीवाले म्हणून नाक मुरडू नकोस. बोटांखाली पट्ट्यांचं वाद्य घेऊन साथीदाराच्या जागेवरून उठून स्वतःची मैफल मांडणारा माणूस आपल्याच गावचा होता, १८८१ चा जन्म. देवल क्लबात त्यांच्या कानावर गाणं पडलं, पेटी मात्र ते बरंचसं स्वतःच शिकले. मग गवई भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसले. अल्लादियाखाँसाहेब तेव्हा कोल्हापूर दरबारी. त्यांचा गंडा गोविंदरावांनी बांधला नव्हता, तरी ती गायकी ऐकून ऐकून बोटांत मुरवली. मला यातलं साथीला बसणं फार महत्त्वाचं वाटतं. बुवा कुठल्या क्षणी कुठं वळतील याचा अंदाज बांधत जो वाजवतो, त्याचा कान एकट्यानं खोलीत रियाज करून तयार होत नाही.

आणि पुढं बघ. १९११ साली खाडिलकरांच्या 'मानापमान'ला चाली. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळीत भागीदारी, नंतर स्वतःची शिवराज नाटक मंडळी. १९३२ साली प्रभातनं इथंच कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा चित्रपट केला, त्यात दुर्गाबाई खोट्यांसमोर हरिश्चंद्र हेच आणि संगीतही यांचंच. वर 'माझा संगीत व्यासंग' लिहिलं ते वेगळंच. चाली बांधल्या, तोंडाला रंग लावला, कंपनी चालवली, लेखणीही धरली. याला कुणी धरसोड म्हणेल. मी म्हणते, एकाच वाद्यावर पोट आणि नाव दोन्ही टांगून ठेवायचं नाही, हे शहाणपण त्यांना होतं.

कारण वाद्याचे दिवस फिरतात. रेडिओनं १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं. स्वर ठरीव, मींड येत नाही, श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप. बंदी तीसेक वर्षं टिकली, १९५५ साली गोविंदराव गेले तेव्हाही होतीच. गंमत म्हणजे पियानोचे स्वरही तितकेच ठरीव, पण त्याच्यासाठी लिहिलेलं संगीत ते गृहीत धरूनच लिहिलेलं असतं. तेव्हा कुणी 'पेटीपेक्षा पियानो मोठा' म्हणालं तर नुसती हस.

वाद्याचं म्हणशील तर जुना लाकडी पियानो स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नकोस. आत सव्वादोनशेच्या आसपास तारा, त्यांचा ताण कित्येक टनांचा. पंचगंगा पात्राबाहेर येते त्या दिवसांत लाकूड फुगतं, सूर हलतात आणि ट्यूनर बाहेरगावाहून बोलवावा लागतो. सध्या जड पट्ट्यांचा डिजिटल घे, पण पुऱ्या ८८ पट्ट्यांचा. नुसता हलका कीबोर्ड घेतलास तर बोटांना वजनाची सवयच लागणार नाही. महिन्यातून एकदा पणजीला किंवा मुंबईला जाऊन खऱ्या पियानोवर बसायचं, तो खर्च आत्ताच हिशेबात धर. आणि मनगट दुखलं तर त्या दिवशी वाजवणं बंद. तिथं हट्ट चालत नाही, दुखणं अंगवळणी पडलं की वर्षं वाया जातात.

आणि मघाशी म्हटलं ते साथीला बसणं. गल्लीच्या टोकाला त्या बाईंचा गाण्याचा क्लास आहे बघ, त्यांना साथीला कुणी मिळत नाही. तिथं जा. शोपँ बाजूला ठेव दोन तास. एक पोरगी पांढरी चारमध्ये गाईल, दुसरी काळी पाचमध्ये, एखादी ऐनवेळी पट्टी बदलेल, तुझी धांदल उडेल. उडू दे. दर शनिवारी जायचं, आणि पहिले सहा महिने पैशाचं नाव काढायचं नाही.