बूट उतारावर कळतो

वारंगा फाट्यावर नांदेड–हिंगोली रस्त्याला यवतमाळकडून येणारा महामार्ग मिळतो. याच फाट्यावरून एसटी पकडून मी वनरक्षक म्हणून हजर व्हायला गेलो, तेव्हा पायात साध्या चामडी चपला होत्या. पुढची सगळी नोकरी किनवट-माहूरच्या डोंगरांत आणि पैनगंगेपलीकडे बिटरगावच्या जंगलात पायी गस्त घालण्यात गेली. शिकारीवर १९७२ च्या कायद्यानं बंदी आली. पण चोरून शिकार करणारा ज्या सोंडेवरून पाणवठ्याला उतरतो, त्याच सोंडेवरून आम्हाला त्याच्या मागावर उतरावं लागतं, आणि त्याच्यापेक्षा कमी आवाज करत. म्हणजे शिकाऱ्याला जसा बूट लागतो तसाच आम्हालाही लागतो. आता आसपासच्या गावची पोरं वनरक्षक भरतीची तयारी करतात. त्यात मुलांना चार तासांत २५ किलोमीटर आणि मुलींना १६ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. ती पोरं विचारायला येतात, काका, बूट कोणता घेऊ? त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

१. बूट संध्याकाळी घ्यावा, आणि उतारावर उभं राहून घ्यावा.

दिवसभर चालून पाय थोडा फुगतो. सकाळी नेमका बसलेला बूट दुपारी चावायला लागतो. माझा पहिला जोड मी सकाळी घाईत घेतला. जरा आवळत होता, पण दुकानदार म्हणाला, चामडं आहे, सैल होईल. चामडं रुंदीला थोडं सैल होतं, लांबीला होत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी पैनगंगेकडे उतरताना दोन्ही अंगठे बुटाच्या टोकावर आदळत राहिले. नखं काळी पडली आणि महिन्याभरात दोन्ही गळून गेली. चढावर हा दोष कळत नाही, कारण चढताना पाय टाचेकडे सरकतो. म्हणून गस्तीला जे जाड मोजे घालणार तेच घालून दुकानात जावं. पायरीच्या कडेवर बोटं खाली करून उभं राहावं. अंगठा टोकाला लागला तर जोड परत द्यावा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवीच, आणि टाच मात्र आत उचलली जाता कामा नये.

२. आधी तळ बघावा, मग वरचं.

आपल्याकडे डोंगर काळ्या दगडाचा आणि उतार मुरमाचा. मुरमावर तळाच्या खाचा खोल लागतात, ओल्या काळ्या दगडावर रबर मऊ लागतं. कडक प्लास्टिकसारखा तळ दिसायला दणकट असतो, पण शेवाळलेल्या दगडावर काचेसारखा घसरतो. नखानं दाबून बघावं, रबर किंचित दबलं पाहिजे. खाचांमध्ये अंतरही हवं. खाचा दाट असतील तर काळ्या मातीची दोन शेतं ओलांडेपर्यंत बूट चिखलाचा गोळा होतो आणि खाचा असून नसल्यासारख्या होतात.

डोंगरावरच्या खाचांच्या रबरी तळामागे मोठं दुःख आहे. इटलीचा गिर्यारोहक विताले ब्रामानी याचे सहा सोबती १९३५ मध्ये आल्प्समध्ये दगावले. त्यांच्या पायातले बूट त्या हवामानाला पुरे पडले नव्हते. त्यानंतर त्यानं टायरच्या रबराचा, खोल खाचांचा तळ तयार केला. त्याच्या नावावरून निघालेला विब्रम हा शिक्का आजही महाग बुटांच्या तळाशी दिसतो. तो असलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. आमच्यातल्या कितीतरी वनमजुरांनी टायरच्या तळाच्या चपलांवर आयुष्य काढलं. पण तळाच्या बाबतीत काटकसर करू नये, हे मी छातीठोक सांगतो.

३. शिवण बघावी.

हे मला फाट्यावरच्या मोच्यानं शिकवलं. तळ सुटलेला बूट घेऊन गेलो तेव्हा त्यानं तो उलटा करून दाखवला. "सायेब, ह्यो नुसता चिकटवलेला हाय. दोरा कुठंच न्हाई. मी आरी कशात घालू?" तेव्हापासून बूट टिकाऊ आहे का, याचा माझा अर्थ बदलला. जो दुरुस्त होतो तो टिकतो. शिवलेल्या बुटाला तळ झिजल्यावर नवा तळ बसतो. माझ्या एका जोडाला दोनदा तळ बदलला, वरचं चामडं तेच राहिलं.

आणखी एक. काही बुटांत टाचेखाली फोमसारखा हलका थर असतो. तो पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतल्या दमटपणानं वर्षागणिक कुजत जातो, बूट घातला नाही तरी. एका सहकाऱ्यानं चांगला जोड पाच-सहा वर्षं पेटीत जपून ठेवला, आणि काढून घातला त्या दिवशी पहिल्याच चढावर तळाचा भुगा झाला. म्हणून जुना पडून राहिलेला माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, आणि घेतलेला बूट वापरावा.

४. कुसळ विसरू नये.

शहरातला माणूस दगडाचा विचार करतो. आमच्या डोंगरात पावसाळ्यानंतर खरा त्रास कुसळीचा. ती जाळीच्या कापडातून आत शिरते, मोज्यात रुतते आणि पावलागणिक टोचते. जाळीचा बूट हवेशीर असतो, पण ऑक्टोबरनंतर गवताळ माळावर तो निरुपयोगी. जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली असावी, नाहीतर कुसळ आणि खडे तिथूनच आत जातात. बाभळीचा काटा पातळ तळ आरपार करतो. तळ वाकवून बघावा: चवड्याशी वाकावा, मधे वाकू नये.

५. पानगळीत आवाज.

फेब्रुवारीपासून सागाची पानं पडतात आणि जंगल पापडासारखं वाजायला लागतं. जड, ताठ बूट असेल तर क्लच वायरचे फासे लावणारा दोनशे पावलांवरून उठून जातो. जिम कॉर्बेट नरभक्षकांच्या मागावर रबरी तळाचे हलके बूट घालून जात असे, त्याचं कारण मला पहिल्या उन्हाळ्यात कळलं. घोट्याच्या वर येणारे हिरवे कापडी बूट, ज्यांना आमच्यात हंटर म्हणतात, या कामाला उत्तम. लवकर वाळतात, आवाज कमी, किंमत परवडणारी. मात्र त्यांचा तळ पातळ, म्हणून आत जाड सुकतळा घालावा. एकच जोड बारा महिने पुरत नाही. पावसाळ्याला आणि पानगळीला कापडी, हिवाळ्यात गवतातून फिरायला चामडी.

६. ओला बूट शेकोटीजवळ ठेवू नये.

चामडं तडकतं आणि चिकटवण सुटते. आत जुना पेपर कोंबावा, तो भिजला की बदलावा आणि बूट सावलीत ठेवावा.

७. या सगळ्या चालण्याची किंमत कळावी म्हणून एक आठवण.

२०१९ च्या उन्हाळ्याअखेर टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळत गेली. यवतमाळ, तेलंगणाचा कोपरा, नांदेड, आपला हिंगोली जिल्हा, वाशीम, अकोला ओलांडून तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेराशे किलोमीटरहून जास्त चालला. त्याच्या मागं प्रत्येक हद्दीतली माणसं शेताशेतांतून पायी हिंडत होती, माग काढत, गावकऱ्यांना सांभाळत. कुणाच्या पायात काय होतं, याची नोंद कुठल्याच अहवालात नसते. काही वनमजूर तुटक्या चपलांनी फिरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते मला अजून सलतं. पगारी माणसाचं ठीक, पण रोजंदारीवर माग काढणाऱ्याच्या पायालाही तोच काटा लागतो.

८. शेतकऱ्याचा बूट.

नोकरी संपवून गावी आलो. पुतण्याची हळद आहे, आणि शेताची वीज बऱ्याचदा रात्रीच येते. तो अंधारात अनवाणी पाणी धरायचा. घोणस, मण्यार, नाग, तिन्ही आपल्या शिवारात आहेत, आणि साप चावतो तो बहुतेक वेळा पायालाच. मी गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणून दिले. "काका, चिखलात रुततात, जड हायेत," म्हणून त्यानं ते खोपीत टाकले. चूक माझी होती, माप एक नंबर मोठं आणलं होतं. पुढच्या वेळी त्यालाच सोबत नेलं, संध्याकाळी, जाड मोजे घालून. हलका जोड निवडला. आता सकाळी शेतात गेलो की बांधावर रोवलेल्या दोन काठ्यांवर ते बूट उलटे अडकवलेले दिसतात. रात्री घालण्याआधी तो ते दोनदा झटकतो, आत विंचू बसलेला असतो म्हणून.